खासगीपणाचा पडदा चुकीच्या दारावर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

माहिती वैयक्तिक आहे एवढ्यावरूनच ती नाकारू देणारी जी खासगीपणाची दुरुस्ती माहिती अधिकार कायद्यात झाली, तिच्यावर आपल्या दैनिकात जो पत्रव्यवहार चालू आहे, तो मी लक्षपूर्वक वाचत आले आहे. बहुतेक पत्रलेखकांनी अभिव्यक्तिस्वातंत्र्य आणि खासगीपणा ही एकाच तराजूची दोन पारडी मानली आहेत, म्हणजे एक वर गेले की दुसरे खाली यायलाच हवे. पश्चिम महाराष्ट्रातील एका तालुका न्यायालयात मी २६ वर्षे वकिली करते आहे आणि एका प्रकरणात मला हे दोन्ही हक्क एकाच अशिलासाठी मागावे लागले. ते प्रकरण सांगितल्यावाचून माझे म्हणणे नीट मांडता येणार नाही.

हे गृहस्थ एका पतसंस्थेत रोखपाल होते. २०१४ मध्ये ठेवींच्या रकमेत तफावत आढळली, फिर्याद दाखल झाली आणि त्यांना अटक झाली. दोन पोलिसांच्या मध्ये उभे केलेल्या त्यांच्या छायाचित्रासह एका स्थानिक वृत्तवाहिनीने ती बातमी इंटरनेटवर टाकली. नाव, वय, गाव, गल्ली, सगळे त्यात होते. दुसऱ्या दिवशी आणखी तीन ठिकाणी ती शब्दशः उतरली. खटला सहा वर्षे चालला आणि २०२० मध्ये ते निर्दोष सुटले. सुटका केवळ संशयाचा फायदा देऊन झाली नव्हती. ज्या व्हाउचरांवर सगळा आरोप उभा होता, त्यांवरची सही त्यांची नाहीच, असे न्यायालयाने स्पष्ट नोंदवले. या निकालाची बातमी कोणीही केली नाही. आजही त्यांचे नाव मोबाइलवर टाकले की पहिल्यांदा समोर येते ते २०१४ चे छायाचित्र. मुलीसाठी स्थळ पाहायला येणारी मंडळी आता पत्रिकेच्या आधी मोबाइल उघडतात आणि त्यांच्या मुलीच्या लग्नाची बोलणी दोनदा त्या छायाचित्रापाशी येऊन थांबली.

बातमी दुरुस्त करावी म्हणून मी त्या वाहिनीला नोटीस पाठवली, तेव्हा ‘बातमी त्या दिवशी खरी होती’ एवढेच उत्तर आले. हे उत्तर मी पुष्कळ दिवस मनात घोळवले, कारण ते खोटे नव्हते. अटक झाली होती, छायाचित्र खरे होते, रक्कमही फिर्यादीत होती तीच दिली होती. छापील अंकात ही बातमी आली असती तर तिला ‘त्या दिवसाची’ म्हणता आले असते. आठवड्याभरात तो अंक रद्दीत गेला असता आणि पुढे ज्याला काही शोधायचे असेल त्याला ग्रंथालयात जाऊन फायली चाळाव्या लागल्या असत्या. इंटरनेटवरच्या बातमीला मात्र ‘तो दिवस’ नसतो. जो कोणी नाव टाकतो त्याच्यासाठी ती त्या क्षणी नव्याने प्रसिद्ध होते, आणि सहा वर्षांनी लागलेल्या निकालासकट ती प्रसिद्ध होत नसेल तर त्या क्षणी ती अर्धी असते. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा एकमताने निर्वाळा दिला, तेव्हा न्या. संजय किशन कौल यांनी आपल्या स्वतंत्र निकालपत्रात हेच म्हटले होते, की माणसे विसरतात, इंटरनेट मात्र विसरत नाही आणि माणसांनाही विसरू देत नाही.

आता याच प्रकरणाची दुसरी बाजू. हे गृहस्थ सुटले कसे? पतसंस्थेचे चाचणी लेखापरीक्षण झाले होते आणि त्या वेळच्या एका कार्यालयीन टिपणीत, वादातल्या तारखांना व्हाउचरांवर सह्या कोणी केल्या, त्याची नावानिशी नोंद होती. न्यायालयापुढे आलेल्या कागदांत ते पान नव्हते. पतसंस्था स्वतः माहिती देण्यास बांधील नव्हती, पण सहकार खात्याच्या कार्यालयात त्या लेखापरीक्षणाची फाईल होती. २०१७ मध्ये मी माहिती अधिकारात अर्ज केला. जन माहिती अधिकाऱ्याने ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून तो नाकारला. प्रथम अपिलात मी एवढेच मांडले की सही कोणाची हा त्या माणसाच्या घरचा प्रश्न नाही, ते त्याचे कार्यालयातले काम आहे. अपील मान्य झाले, पानाची प्रमाणित प्रत मिळाली आणि तिथून खटल्याचे वळण बदलले.

म्हणजे एका माणसाला एकीकडे स्वतःचे नाव पडद्याआड हवे होते आणि दुसरीकडे फाईल उघडी हवी होती. या दोन मागण्यांत मला विसंगती दिसत नाही, कारण दोहोंना लागणारा निकष एकच आहे: प्रसिद्ध होणारी गोष्ट लोकांच्या कामाची आहे का, की ती एखाद्याच्या घरातली आहे.

हा निकष परदेशातून आणावा लागेल असेही नाही. १८६० च्या दंड संहितेतील बदनामीच्या कलमाला पहिलाच अपवाद होता तो लोकहितासाठी केलेल्या सत्य विधानाचा, आणि तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये तो तसाच उतरला आहे. दिवाणी दाव्यात निव्वळ सत्य हा पूर्ण बचाव असतो. फौजदारी कायद्याने मात्र सत्याला लोकहिताची जोड मागितली. या कलमाचा पत्रकारांना तारखांमागून तारखांना हजर करण्यासाठी होणारा वापर मी जवळून पाहिला आहे आणि त्यातली तुरुंगाची शिक्षा जावी असे माझे ठाम मत आहे. पण त्या अपवादाची शब्दरचना शहाणपणाची आहे, हे मी नाकारणार नाही. आपल्याच वृत्तपत्रसृष्टीत याचा पहिला मोठा धडा १८८२ मध्ये मिळाला. कोल्हापूरच्या महाराजांच्या छळासंबंधी कारभारी बर्वे यांच्यावर आरोप करणारा मजकूर ‘केसरी’ व ‘मराठा’त आला, त्याला आधार असलेली पत्रे बनावट निघाली आणि टिळक व आगरकर यांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. त्यांचा विषय पूर्णपणे लोकांच्या कामाचा होता, म्हणून महाराष्ट्राने त्यांना डोक्यावर घेतले. कागद मात्र पारखून घेतलेले नव्हते, म्हणून शिक्षा झाली. आज मोबाइलवर पुढे ढकलल्या जाणाऱ्या पुष्कळशा मजकुरात तो विषयही नसतो आणि ती पारखही नसते.

स्वातंत्र्यानंतर हा निकष सर्वांत स्पष्टपणे मांडला गेला तो १९९४ च्या राजगोपाल प्रकरणात. तामिळनाडूत फाशीची शिक्षा झालेल्या ‘ऑटो शंकर’ याने तुरुंगात आत्मचरित्र लिहिले होते आणि त्यात बड्या अधिकाऱ्यांशी असलेल्या संबंधांचा उल्लेख होता. ‘नक्कीरन’ हे तमिळ साप्ताहिक ते छापणार म्हटल्यावर तुरुंग खात्याच्या वरिष्ठांनी ते थांबवण्यासाठी पत्र पाठवले. न्या. जीवन रेड्डी यांच्या निकालाने तेव्हा काय सांगितले, ते आजच्या वादात पुन्हा वाचण्यासारखे आहे. आपली बदनामी होईल या भीतीने सरकारला वा अधिकाऱ्याला मजकूर छापण्याआधीच रोखता येणार नाही. अधिकाऱ्याच्या कर्तव्याशी संबंधित वर्तनाविषयी लिहिलेल्या मजकुरावर, तो सत्याची जराही पर्वा न करता लिहिलेला असल्याखेरीज, त्याला खासगीपणाची ढाल पुढे करता येणार नाही. आणि सामान्य नागरिकाचे कुटुंब, विवाह, मुलेबाळे, शिक्षण यांविषयी त्याच्या संमतीविना कोणी लिहू नये, मग तो मजकूर खरा असो वा खोटा, स्तुतीचा असो वा निंदेचा. न्यायालयीन व अन्य सार्वजनिक अभिलेखांवर आधारलेला मजकूर या बंधनातून वगळला गेला, पण त्यातही लैंगिक अत्याचारासारख्या गुन्ह्यांत बळी पडलेल्या स्त्रीचे नाव उघड होता कामा नये, असे न्यायालयाने बजावले.

सार्वजनिक अभिलेखाच्या याच अपवादाचा आधार त्या वाहिनीला घेता येतो, हे मला ठाऊक आहे. १९९४ मध्ये ‘अभिलेख’ म्हणजे न्यायालयाच्या तळघरात लाल फडक्यात बांधलेले गाठोडे होते. नक्कल हवी असेल तर अर्ज, शुल्क आणि चार खेपा लागत. ती चार खेपांची अडचण हेच त्या काळी खासगीपणाचे अघोषित संरक्षण होते. न्यायालयांच्या ‘ई-कोर्ट्स’ या संकेतस्थळावर आता पक्षकाराचे नाव टाकून प्रकरण शोधता येते. न्यायदान उघड्यावर चालावे याची मी कट्टर पुरस्कर्ती आहे आणि निकालपत्रे इंटरनेटवर आल्याने माझ्यासारख्या तालुक्याच्या वकिलाचे काम किती सोपे झाले, ते मी रोज अनुभवते. पण उघडे न्यायालय हे न्यायाधीशावर लोकांची नजर राहावी म्हणून असते. निर्दोष सुटलेल्या रोखपालाच्या मुलीचे लग्न मोडावे हा त्याचा हेतू कधीच नव्हता.

माहिती अधिकार कायद्याने २००५ मध्ये नेमका हाच निकष शब्दांत बांधला होता. ज्याला कार्यालयांत सगळे ‘आठ-एक-जे’ म्हणतात, त्या कलम ८(१)(जे) नुसार वैयक्तिक माहिती नाकारण्यासाठी ती सार्वजनिक कामाशी वा हिताशी असंबद्ध असावी लागे, किंवा ती उघड केल्याने व्यक्तीच्या खासगीपणावर विनाकारण आक्रमण होत असावे लागे, आणि तरीही व्यापक लोकहित असेल तर ती देता येई. संसदेला वा विधिमंडळाला जी माहिती नाकारता येत नाही ती कोणत्याही नागरिकाला नाकारता येणार नाही, हे वाक्य त्या कलमाला जोडलेले होते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ च्या कलम ४४(३) ने हे सारे पुसून ‘वैयक्तिक माहितीशी संबंधित माहिती’ एवढाच मजकूर ठेवला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ही दुरुस्ती अमलात आली. २०१७ मध्ये मला जे पान अपिलात मिळाले ते आज मागितले, तर त्यावर एका माणसाचे नाव व सही आहे एवढ्या कारणावरून ते नाकारता येईल. नाव, सही, पदनाम नसलेला सरकारी कागद मी तरी २६ वर्षांत पाहिलेला नाही.

सरकारची बाजू अशी की कलम ८(२) शाबूत आहे आणि लोकहित मोठे असेल तर कार्यालय माहिती देऊ शकते. हा युक्तिवाद वरकरणी पटण्यासारखा आहे. परंतु पूर्वी नकार देणाऱ्या अधिकाऱ्याला ही माहिती सार्वजनिक कामाशी असंबद्ध कशी, हे दाखवावे लागे. आता न पाहिलेल्या कागदात लोकहित किती आहे, हे अर्जदाराने दाखवायचे आहे. ज्या माणसाने घरकुलासाठी तीन वर्षे हेलपाटे घातले आणि यादीत सरपंचांच्या दुमजली घरात राहणाऱ्या भावाचे नाव आल्याचे ऐकले, त्याने ती यादी हाती येण्याआधी हे कसे सिद्ध करायचे? रोजगार हमीच्या हजेरीपटावर मेलेल्या माणसांच्या नावावर मजुरी उचलली जाते, हे उघडकीस येते ते गावकरी ती नावे मोठ्याने वाचतात म्हणून. नावे झाकलेला हजेरीपट म्हणजे नुसती बेरीज, आणि बेरीज तर घोटाळ्यातही बरोबर जुळवलेली असते. बँक खात्याचा क्रमांक, आधार क्रमांक, आजाराची नोंद, घरचा पत्ता झाकणे जरूर आहे आणि त्याची सोय २००५ च्या कायद्याच्या कलम १० मध्ये पहिल्यापासून आहे: झाकायचा भाग वगळून उरलेली प्रत द्यावी. ही सोय हाताशी असताना सगळ्या दारावरच पडदा ओढण्याची गरज कोणाला होती, हा प्रश्न मी मनापासून विचारते आहे.

या बाबतीत तज्ज्ञांनी सावध केले नव्हते असेही नाही. मुंबई उच्च न्यायालयात दीर्घकाळ न्यायाधीश राहिलेले न्या. अजित प्रकाश शहा यांच्या खासगीपणाविषयीच्या समितीने २०१२ मध्येच म्हटले होते की माहिती अधिकारात दिलेली माहिती आणि लोकहितार्थ केलेली पत्रकारिता यांना खासगीपणाचा भंग मानू नये. न्या. बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने २०१८ मध्ये दिलेल्या डेटा संरक्षण कायद्याच्या मसुद्यात पत्रकारितेसाठी स्वतंत्र सवलत होती. २०२३ च्या कायद्यात ती नाही. संशोधनाला सवलत आहे, सरकारच्या यंत्रणांना तर भरपूर आहे. वार्ताहराला मात्र कायद्याच्या अक्षरानुसार, ज्याचा गैरव्यवहार उघड करायचा त्याचीच संमती घ्यावी लागेल अशी स्थिती आहे. दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे, आणि ज्या मंडळाने तो ठोठवायचा त्याचे सदस्य केंद्र सरकार नेमणार आहे. तालुक्याच्या गावी चार माणसांत चालणाऱ्या साप्ताहिकाला दंड प्रत्यक्ष व्हावा लागणार नाही; नोटिशीतला आकडा वाचूनच ते गप्प बसेल.

आणि एवढा कडक वाटणारा कायदा माझ्या अशिलाला काय देतो? वसूल झालेला दंड भारताच्या संचित निधीत, म्हणजे सरकारी तिजोरीत, जमा होणार आहे, ज्याचे नुकसान झाले त्याला त्यातला एक रुपयाही मिळायचा नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ४३-अ नुसार निष्काळजी कंपन्यांकडून भरपाई मागता येत असे, तेही कलम काढण्याची तरतूद याच कायद्यात आहे. गडावर बोलत बसलेल्या मुला-मुलीसमोर मोबाइल धरून त्यांची नावे, कॉलेज आणि आईवडिलांचे नाव विचारणारी चित्रफीत कोणी टाकली, तर त्या मुलीला आजही पोलीस ठाण्यातच जावे लागते, आणि तिथे तिलाच आधी विचारले जाते की ती गडावर कशाला गेली होती. मार्च २०२० मध्ये विलगीकरणातील लोकांच्या हातावर आपल्या राज्यात शिक्के मारले गेले आणि त्याच दिवसांत रुग्णांच्या नावापत्त्यांच्या याद्या घराघरांतल्या मोबाइलवर फिरत होत्या. त्या यादीत नाव आलेल्या एका कुटुंबाचे दूध गल्लीने बंद केले होते, हे मी स्वतः पाहिले आहे. खासगीपणाचे रक्षण हवे होते ते या माणसांना.

यावर काही वाचक म्हणतील की मग सरकारनेच असा मजकूर काढून टाकण्याचा अधिकार घ्यावा. याला माझा कडाडून विरोध आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद का, एवढे विचारणाऱ्या फेसबुकवरील चार ओळींसाठी पालघरमध्ये दोन तरुणींना अटक झाली. त्यातल्या एकीने तर त्या ओळी केवळ पसंत केल्या होत्या. माहिती तंत्रज्ञान कायद्यातील ज्या कलम ६६-अ चा त्यासाठी आधार घेतला गेला ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल प्रकरणात रद्द केले. केंद्र सरकारविषयीचे खरे काय आणि खोटे काय, हे सरकारी कक्षाने ठरवण्याची नियमांतील तरतूद मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये घटनाबाह्य ठरवली. ज्याच्याविषयी बोलले जाते त्याच्याच हाती पुसण्याचे खडू-फडके दिले की आधी काय पुसले जाईल, हे आपण दोनदा पाहिले आहे.

मला जवळचा वाटतो तो युरोपीय संघाच्या न्यायालयाने मे २०१४ मध्ये काढलेला मार्ग. स्पेनमधील एका नागरिकाच्या जुन्या थकबाकीपायी झालेल्या लिलावाची १९९८ मधील जाहिरात, थकबाकी मिटल्यानंतरही गूगलवर त्याचे नाव टाकले की वर येत असे. वृत्तपत्राच्या संग्रहातून ती काढण्याची त्याची मागणी तिथल्या यंत्रणेने आधीच फेटाळली होती, कारण ती कायद्यानुसार छापली गेली होती. न्यायालयाने गूगलला फक्त नावावरून होणाऱ्या शोधात ती दाखवणे थांबवायला लावले. इतिहासाचे पान फाटले नाही आणि माणसाच्या कपाळावरची पाटीही उतरली. सार्वजनिक जीवनातील व्यक्तीला हा लाभ सहजासहजी मिळणार नाही, हेही त्याच निकालात आहे. आपल्याकडे उच्च न्यायालयांचे निर्णय या प्रश्नावर एकमेकांशी जुळत नाहीत, आणि २०२३ च्या कायद्याने इतके अधिकार वाटताना या मुद्द्यावर काहीच नेमके सांगितलेले नाही.

तेव्हा संसदेकडे मागणी एवढीच की ‘आठ-एक-जे’चे जुने शब्द परत आणावेत आणि श्रीकृष्ण मसुद्यातली पत्रकारितेची सवलत कायद्यात घालावी. पण संसदेची वाट न पाहता आपल्याला, म्हणजे वृत्तपत्रांना, काही गोष्टी आजच करता येतील. अल्पवयीन मुलांची आणि अत्याचारपीडित स्त्रियांची ओळख न देण्याचा कायदा वृत्तपत्रे वर्षानुवर्षे पाळत आली आहेत आणि त्यामुळे कोणाचे स्वातंत्र्य बुडालेले नाही. त्याच सवयीने, साध्या गुन्ह्यात अटक झालेल्या आणि कोणत्याही सार्वजनिक पदावर नसलेल्या माणसाचे छायाचित्र व गल्लीचे नाव दोषारोपपत्र दाखल होईपर्यंत इंटरनेट आवृत्तीत देऊ नये. मंत्री, अधिकारी, संस्थाचालक यांना ही सवलत मुळीच देऊ नये. आणि सुटकेच्या निकालाची प्रमाणित प्रत कोणी आणून दिली, तर मूळ बातमीच्या तळाशी कुठेतरी न लिहिता तिच्या मथळ्याखालीच निकालाची तारीख व निष्कर्ष लिहावा. यासाठी लागणारा वेळ दहा मिनिटांचा आहे.

ज्या गृहस्थांविषयी मी लिहिले, त्यांच्या २०१४ च्या अटकेची तीन ओळींची बातमी आपल्या दैनिकाच्या संकेतस्थळावरही आहे. तिच्यात छायाचित्र नाही, पण नाव आहे. निकालाची प्रमाणित प्रत मी या पत्रासोबत स्वतंत्र लिफाफ्यात पाठवत आहे. पत्र पाठवण्याआधी ते मी त्यांना वाचून दाखवले. त्यांनी तालुक्याचे नाव आणि पतसंस्थेच्या नावातला एक शब्द काढायला सांगितला, तो मी काढला आहे. माझे नाव छापल्यास तालुका ओळखू येईल, म्हणून ते आपल्या कार्यालयापुरतेच ठेवावे, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक वकील वाचक, पश्चिम महाराष्ट्र